उपचारांचा न परवडणारा खर्च कोणी आवरायचा, उद्योगांनी की सार्वजनिक सेवेने? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा सरळ ‘खाजगी की सरकारी’ असाच प्रश्न आहे ना?

नाही, आणि बहुतेक वाद इथेच फसतात. या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत: पैसा कोण गोळा करतो, दर कोण ठरवतो आणि सुई कोण टोचतो, म्हणजे प्रत्यक्ष उपचार कोण करतो. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. पैसा करांचा, रुग्णालये सरकारी. पण तिथले फॅमिली डॉक्टर पहिल्या दिवसापासून बहुतांशी स्वतंत्र व्यावसायिक आहेत, सरकारशी करार करून काम करणारे. तैवानने १९९५ मध्ये सगळ्यांना एकाच सरकारी विम्यात आणले, रुग्णालये मात्र बहुतेक खाजगीच राहिली. स्वित्झर्लंडमध्ये विमा कंपन्या खाजगी आहेत, पण १९९६ पासून विमा सक्तीचा आहे आणि मूलभूत विम्यावर नफा कमवायला कायद्याने बंदी आहे. सिंगापूरचे नाव बाजाराचे समर्थक आवडीने घेतात. तिथे १९८४ पासून कमावत्या माणसाचे सक्तीचे आरोग्य बचत खाते असते हे खरे. पण भरती व्हायची वेळ आली की बहुतेक लोक अनुदान असलेल्या सरकारी रुग्णालयातच जातात.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. पैसा गोळा करणे आणि दर ठरवणे ही कामे सार्वजनिक यंत्रणेचीच आहेत. सुई कोणीही टोचावी, फक्त टोचणाऱ्याचा हिशेब उघडा हवा. असे का, ते पुढच्या उत्तरांत येईल.

स्पर्धेमुळे फोन स्वस्त झाले, मग उपचार का नाहीत?

कारण फोन घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवता. छातीत कळ आली की अँजिओग्राफी करायची की नाही हे समोरचा डॉक्टर ठरवतो, आणि ती करणाराही तोच. विकणाराच गरज ठरवतो, घेणाऱ्याला मालाची पारख नाही आणि ‘उद्या बघू’ म्हणायची सोय नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये हेच मांडले होते: आजार कधी येईल हे ठाऊक नसते आणि कोणता उपचार लागू पडेल हेही नसते, म्हणून हा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही.

जिथे या अडचणी नाहीत तिथे स्पर्धा चालते. चष्मा काढण्याची लेझर शस्त्रक्रिया, दातांची कवळी, साध्या रक्ततपासण्या या गोष्टी घाईच्या नसतात, चार ठिकाणी विचारता येतात आणि निकाल पटकन कळतो. गंमत अशी, की कुटुंबाला कर्जात लोटणारा खर्च या यादीतून क्वचितच येतो. तो येतो अपघातातून, कर्करोगातून, डायलिसिसमधून.

म्हणजे उद्योगांचा इथे काही उपयोग नाही?

आहे, आणि मोठा आहे. एकच काम हजारो वेळा, एकाच पद्धतीने करायचे असेल तर चांगली चालवलेली संस्था खर्च खूप खाली आणते. मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये अवघ्या ११ खाटांवर सुरू झाले. तिथली मोतीबिंदूची पद्धत कारखान्यातल्या ओळीसारखी आहे. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असतो, शस्त्रक्रियेखेरीजची बहुतेक कामे प्रशिक्षित सहायक मुली करतात आणि सर्जन फक्त वळतो. डोळ्यात बसवायची भिंगे परदेशातून महाग पडत होती, म्हणून १९९२ मध्ये स्वतःचा कारखाना काढला. पैसे भरणाऱ्यांच्या जोरावर न भरणाऱ्यांचे उपचार होतात.

मात्र हे जसेच्या तसे आयसीयूत नेता येत नाही. मोतीबिंदूचा रुग्ण चालत येतो, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या रुग्णाला किती दिवस लागतील आणि काय काय लागेल, हे भरती करताना कोणीच सांगू शकत नाही.

प्रत्येकाने आपापला विमा घेतला तर प्रश्न सुटेल का?

आकडे मांडून बघू. १०० माणसे, वर्षाचा एकूण उपचार खर्च १००० एकक. उपचारांचा खर्च नेहमीच फार विषम असतो. अमेरिकेतल्या पाहण्यांत साधारण ५ टक्के लोकांवर निम्मा खर्च होतो आणि कमी खर्चाच्या निम्म्या लोकांवर जेमतेम ३ टक्के. तेच प्रमाण धरू.

सगळे आत असतील तर हप्ता प्रत्येकी १० एकक. पण निम्म्या लोकांचा स्वतःचा खर्च सरासरी ०.६ एकक आहे. त्यांना वाटते, फुकटचा भुर्दंड. ते ५० जण बाहेर पडले की उरलेल्या ५० जणांवर ९७० एककांचा बोजा, म्हणजे हप्ता १९.४. आता त्यांच्यातले धडधाकटही बाहेर पडतात आणि हप्ता आणखी चढतो. दोन-चार वर्षांत उरतात फक्त आजारी माणसे आणि कोणालाच न परवडणारा हप्ता.

कंपनीला यातून वाचायचे तर आजारी माणूस आत येऊ न देणे हाच मार्ग उरतो. वय बघा, जुना आजार विचारा, पहिली काही वर्षे अमुक आजार वगळा. यात कंपनीचा दुष्टपणा नाही, तिचे गणितच तसे आहे. म्हणून विमा सर्वांना सक्तीचा हवा, हप्ता उत्पन्नानुसार हवा, आणि कंपन्या अनेक असतील तर जास्त आजारी ग्राहक असलेल्या कंपनीला इतरांकडून भरपाई मिळायला हवी. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, जर्मनी, तिन्हीकडे अशी भरपाईची सोय आहे. सक्ती आणि भरपाई या दोन्ही गोष्टी बाजार आपणहून करत नाही, त्या कायद्यानेच होतात.

विमा असूनही डिस्चार्जच्या दिवशी पैसे का भरावे लागतात?

एका दाव्याचा प्रवास बघा. डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. रुग्णालयाचा विमा कक्ष तपासण्यांचे अहवाल आणि अंदाजपत्रक जोडून पूर्वमंजुरी मागतो. विमा कंपनीकडून शंका येते: ‘त्रास पहिल्यांदा कधी सुरू झाला?’ ड्युटीवरच्या डॉक्टरने भरतीच्या कागदावर घाईत ‘बरीच वर्षे’ असे लिहिलेले असते. तेवढे दोन शब्द जुना आजार लपवल्याचा पुरावा ठरतात. ओळखपत्रावरचे नाव आणि पॉलिसीवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी फाइल थांबते. मग मंजुरी येते ती अर्धवट. शस्त्रक्रिया होते, अंतिम बिल जाते, हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क अशा ‘न देय’ वस्तू वजा होतात. महागडी खोली घेतली असेल तर काही पॉलिसींत खोलीभाड्याच्या प्रमाणात बाकीच्या रकमाही कापल्या जातात. यात दिवस जातो आणि त्या दिवसाचे खोलीभाडेही लागते.

या प्रवासात दोन्हीकडे पगारी माणसे बसलेली असतात: एका बाजूला आजाराला आणि उपचाराला कोड (बिलासाठीचा ठरलेला संकेतांक) लावून जास्तीत जास्त मिळवणारी, दुसऱ्या बाजूला तेच कापणारी. एकाही रुग्णाला त्याने बरे वाटत नाही, पण पगार हप्त्यातूनच निघतात. एकच दरपत्रक, एकच अर्ज आणि एकच देयक असेल तर हा खर्च बराच आटतो.

तोपर्यंत स्वतःपुरते एवढे करता येते: भरतीच्या वेळी आजाराचा कालावधी नेमका सांगा आणि कागदावर काय लिहिले ते वाचा, कापलेल्या प्रत्येक रकमेचे कारण लेखी मागा.

रुग्णालयाला पैसे कोणत्या पद्धतीने द्यावेत?

आमच्या मते हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो. मालक सरकार असो की शेठ, पैसे ज्या रीतीने मिळतात त्या रीतीने रुग्णालय वागते.

आधी रुग्णालयाचा स्वभाव समजून घ्या. समजा १०० खाटा आहेत आणि पगार, वीज, इमारत, यंत्रे मिळून रोजचा ठरलेला खर्च ९०० एकक. ६० खाटा भरल्या तर खाटेमागे १५ पडतात, ९० भरल्या तर १०. म्हणजे रिकामी खाट रोज पैसे खाते आणि ती भरायचा मोह कायम राहतो.

प्रत्येक कामाचे वेगळे पैसे दिले की कामे वाढतात: जादा सीटी स्कॅन, जादा व्हिजिट. दिवसावर पैसे दिले की मुक्काम लांबतो. अमेरिकेच्या ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी विम्याने १९८३ मध्ये आजारनिहाय ठोक रक्कम सुरू केली, म्हणजे न्यूमोनियाला इतके, हर्नियाला इतके. मुक्काम झटक्यात आखूड झाले. सोबत दोन नवे रोग आले: माणूस पुरता सावरायच्या आत घरी पाठवणे आणि साध्या आजाराला गुंतागुंतीचा कोड लावणे. माणशी वार्षिक रक्कम दिली तर डॉक्टर प्रतिबंधाकडे लक्ष देतो, पण जास्त आजारी माणूस आपल्या यादीत नको असेही त्याला वाटू लागते. रुग्णालयाला वर्षाचे एकच अंदाजपत्रक बांधून दिले तर खर्चाला लगाम बसतो, रांगा मात्र वाढू शकतात.

निर्दोष पद्धत नाही, म्हणून शहाणी यंत्रणा मिश्रण करते. थायलंडने २००२ च्या कायद्यानंतर बाह्यरुग्णांसाठी माणशी रक्कम ठेवली आणि भरती रुग्णांसाठी आजारनिहाय रक्कम, तीही एकूण मर्यादेत. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १९७० च्या दशकापासून एक सार्वजनिक आयोग रुग्णालयांचे दर ठरवतो. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक विम्याला तेच दर. २०१४ पासून तिथे रुग्णालयांना वर्षाचे ठरलेले उत्पन्न मिळते. रुग्णालये खाजगी, ना-नफा तत्त्वावरची. दर सार्वजनिक आणि सेवा खाजगी, अशी ही जोडी बरीच वर्षे टिकली आहे.

औषधांच्या किमती खाली कशा येतात?

एकगठ्ठा खरेदीने आणि ‘नको’ म्हणायच्या तयारीने. हेपटायटिस सी हा यकृताचा आजार बरा करणारे सोफोसबुविर हे औषध २०१३ च्या शेवटी अमेरिकेत आले. १२ आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर, म्हणजे एक गोळी १,००० डॉलरला. इजिप्तमध्ये हा आजार प्रचंड पसरलेला होता. तिथल्या सरकारने २०१४ मध्ये त्याच उपचारासाठी ९०० डॉलरचा सौदा केला. पुढे स्थानिक कंपन्या तेच औषध बनवू लागल्या आणि किंमत १०० डॉलरच्याही खाली गेली. मग २०१८-१९ मध्ये सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी झाली.

यात दोन्ही बाजू दिसतात. रेणू शोधला तो खाजगी कंपनीने. तो गावोगावी पोचवला तो सरकारी खरेदीने. एकट्या रुग्णाला किंवा एकट्या रुग्णालयाला ८४,००० चे ९०० करून घेता आले नसते.

न्यूझीलंडमध्ये १९९३ पासून एकच सरकारी संस्था ठरलेल्या अंदाजपत्रकात औषधे निवडते आणि निविदा काढते. किमती पडल्या, पण त्याचेही मोल आहे: नवी महागडी औषधे उशिरा येतात आणि एकाच पुरवठादाराचा कारखाना अडला की देशभर तुटवडा होतो. म्हणून निविदेत सगळी मागणी एकालाच देऊ नये. ७० टक्के पहिल्याला आणि ३० टक्के दुसऱ्याला असे वाटप केले तर दर किंचित चढतो, पण पुरवठा तुटत नाही.

नुसती कमाल किंमत ठरवली तर?

फुगा एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूने फुगतो. इम्प्लांटची, म्हणजे शरीरात बसवायच्या कृत्रिम भागाची, किंमत बांधली की शस्त्रक्रियेचे शुल्क, खोलीभाडे, ‘इतर साहित्य’ वाढते. संपूर्ण उपचाराची ठोक रक्कम ठरवली तरच उपयोग. आणि ती रक्कम खऱ्या खर्चाच्या खाली ठेवली तर रुग्णालये ‘खाट रिकामी नाही’ म्हणू लागतात, किंवा वरचे पैसे पावतीशिवाय घेतात.

रुग्णाने थोडे पैसे भरावेत, म्हणजे उधळपट्टी थांबेल, हे खरे ना?

अर्धे खरे. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड या संशोधन संस्थेने हजारो लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे वेगवेगळ्या योजनांत विभागून हेच तपासले. ज्यांना वाटा भरावा लागला त्यांनी उपचार कमी घेतले. पण त्यांनी अनावश्यक उपचार जितके टाळले, साधारण तितकेच आवश्यकही टाळले. कोणता उपचार आवश्यक आणि कोणता अनावश्यक, हे माणसाला स्वतःला कळत नाही. गरीब माणूस रक्तदाब अंगावर काढतो आणि नंतर पक्षाघाताचा खर्च सगळ्यांच्या डोक्यावर येतो. वाटा ठेवायचाच असेल तर रक्तदाब, मधुमेह, बाळंतपण, लसीकरण यांना तो नको आणि वर्षाला घरटी कमाल मर्यादा हवी.

सरकारी दवाखाना फुकट, तरी घरातले पैसे का संपतात?

कारण चिठ्ठी फुकट मिळते, औषध बाहेरून आणावे लागते. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि सोबतच्या माणसाचे खाणेपिणेही हिशेबात धरावे लागते. यातले औषधाचे दुखणे बऱ्याचदा पैशाच्या टंचाईपेक्षा साध्या मोजदादीचे असते.

समजा एका केंद्रात मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाच्या महिन्याला ४०० पट्ट्या लागतात. मागणी केल्यापासून माल यायला ३ महिने लागतात. २ महिन्यांचा राखीव साठा धरला तर ४०० × ५ = २००० पट्ट्या उरल्या की नवी मागणी जायलाच हवी. प्रत्यक्षात मागणी जाते कपाट रिकामे झाल्यावर. दुसरी चूक: मागच्या महिन्यातला खप मोजताना साठा संपलेले दिवसही धरले जातात. ३० पैकी १५ दिवस औषधच नव्हते आणि २०० पट्ट्या गेल्या, तर गरज २०० ची नाही, ४०० ची आहे. ही चूक दर फेरीला मागणी निम्म्यावर आणते. तिसरी चूक म्हणजे पुरवठादाराची बिले थकवणे; थकबाकी वाढली की पुढच्या निविदेला चांगले लोक येत नाहीत आणि आलेले लोक उशिराचे व्याज दरात धरून येतात.

निधीच नसेल तर मात्र कोणतेही गणित उपयोगाचे नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन हे सोडवावे का?

प्रयत्न झाला आहे. ॲमेझॉन, बर्कशायर हॅथवे आणि जेपी मॉर्गन चेस यांनी जानेवारी २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांचा उपचार खर्च कमी करण्यासाठी एकत्र येण्याची घोषणा केली. तिघांचे मिळून दहा लाखांहून जास्त कर्मचारी. तीन वर्षांत, २०२१ च्या सुरुवातीला, काम बंद. दहा लाख हा आकडा ऐकायला मोठा, पण ही माणसे देशभर विखुरलेली. एखाद्या शहरातल्या रुग्णालयाच्या दृष्टीने ती मूठभर गिऱ्हाइके. त्यांच्यासाठी ते दर कशाला उतरवेल?

शिवाय नोकरीला बांधलेला विमा नेमका आजारपणात नोकरी गेली की सुटतो.

सरकारने रुग्णालय बांधायला आणि चालवायला खाजगी भागीदार घेतला तर?

करार कोणी लिहिला यावर सगळे आहे. ब्रिटनने १९९० च्या दशकापासून खाजगी भांडवलातून रुग्णालये बांधली आणि २५-३० वर्षे हप्ते फेडायचे करार केले. सरकारला थेट स्वस्तात कर्ज मिळाले असते. शिवाय गरज बदलली तरी करार बदलेना. २०१८ मध्ये असे नवे करार बंद केल्याचे जाहीर झाले. स्पेनमधल्या अल्झिरा इथे १९९९ पासून एका खाजगी कंपनीला माणशी रकमेवर पूर्ण रुग्णालय दिले होते. पहिला करार काही वर्षांतच नव्याने करावा लागला आणि २०१८ मध्ये रुग्णालय पुन्हा सरकारी झाले.

करारात चार गोष्टी बघा: रुग्णाला परत पाठवल्यास दंड आहे का, नफ्याला वरची मर्यादा आहे का, जमाखर्च लोकांना बघता येतो का, आणि मध्येच करार मोडला तर इमारत व यंत्रे कोणाकडे जातात. चौथी गोष्ट बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते, आणि बिनसल्यावर तिथेच अडते.

नीट व्यवस्था लावली तर एकूण खर्च कमी होईल का?

घराच्या खिशावरचा भार नक्की कमी होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या अहवालानुसार, देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांनी थेट खिशातून भरलेला वाटा १५-२० टक्क्यांच्या खाली आला की उपचारांपायी घरे बुडण्याचे प्रमाण नगण्य होते. एकूण खर्च मात्र हळूहळू वाढतच राहील. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बाउमोल यांनी १९६० च्या दशकात याचे कारण सांगितले. कारखान्यात एक माणूस पूर्वीच्या कित्येक पट माल काढतो, म्हणून त्याचा पगार वाढतो. नर्सला मधुमेही पायाची जखम धुऊन पट्टी बांधायला तेव्हाही २० मिनिटे लागत, आजही लागतात. पण तिचा पगार कारखान्याच्या बरोबरीने वाढवला नाही तर ती नोकरी सोडेल. ते पैसे करातून जाणार, हप्त्यातून जाणार की डिस्चार्जच्या काउंटरवर मोजावे लागणार, एवढे आपल्या हातात आहे.